वासाचे प्रमाण

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील स्थानकांची नावे ओळीने वाचली, की कोकणाच्या ह्या उत्तर टोकाला गेल्या साठ-पासष्ट वर्षांत काय काय घडले ह्याची एक धावती अनुक्रमणिकाच हाती येते. रसायनी हे तर नावातच उद्योग सांगणारे स्थानक. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ह्या सरकारी कंपनीने येथे नायट्रोबेंझीन, अ‍ॅनिलीन अशी द्रव्ये दीर्घकाळ बनवली. पुढे आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू. मग नागोठणे, जेथे उरणला उतरणाऱ्या समुद्रातील वायूपासून प्लास्टिकचा कच्चा माल तयार होतो. आणि शेवटी रोहा, ज्याच्या कुशीत धाटावची औद्योगिक वसाहत आहे. धाटावला रसायने बनतात, त्यांत रंगद्रव्येही आली. डोळे मिटून बसलेल्या प्रवाशाला ह्यांतली काही स्थानके नाकाने ओळखता यावीत, असा एक काळ होता.

ह्या मालिकेत हमरापूर सर्वांत निरुपद्रवी वाटते. तेथे उतरून माणूस जातो तो रसायनाकडे नव्हे, गणपतीकडे. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे, दादर, रावे ह्या खारेपाटातल्या गावांनी पेण शहराची मूर्तिकला आपल्या अंगणात आणली आणि हां हां म्हणता तिचा विस्तार केला. जोह्यात घराला लागून पत्र्याची किंवा ताडपत्रीची शेड असते, आणि तिला सारे कारखानाच म्हणतात. ह्या शब्दाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

कारखान्याच्या वर्षाला वासांचा एक क्रम असतो. भिजवलेल्या शाडूचा थंड, ओलसर वास. साच्यासाठी आणलेल्या रबराच्या चिकाचा नाकात चढणारा दर्प. काथ्याचा कोरडा, किंचित कुबट वास. प्लास्टर ऑफ पॅरिसला जवळपास वास नसतोच. मग पावसाळा येतो, आणि त्याबरोबर रंग. देहाचा रंग कॉम्प्रेसरला जोडलेल्या गनने फवारायचा, पितांबर हाताने भरायचे, दागिन्यांवर व्हार्निशात कालवलेली सोनेरी पूड फिरवायची, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. पाण्यात कालवायचे रंग जवळजवळ मुके असतात. तैलरंग, थिनर, टर्पेंटाइन आणि व्हार्निश मात्र बोलके. त्यांच्यातून उडून हवेत मिसळणाऱ्या द्रव्यांना परिभाषेत बाष्पनशील सेंद्रिय संयुगे असे भारदस्त नाव आहे. थिनरमधले टोल्यूईन, झायलीन, असिटोन ही त्यांतली. पेट्रोलमधले बेंझीन त्यांतलेच. आणि मोगऱ्याचा सुगंध, पहिल्या पावसानंतरचा मातीचा वास हेही, रसायनशास्त्राच्या दृष्टीने, त्याच कुळातले. कार्बनी रेणू, जे साध्या उष्णतेतही हवेत उडून जातात, एवढीच त्यांची कुळकथा.

ही द्रव्ये हवेत आहेत हे माणसाला कळावे कसे, ह्या प्रश्नाचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे. तो यंत्रांचा इतिहास आहेच. पण आमच्या मते तो त्याहून अधिक साक्षीचा इतिहास आहे. मराठीत 'प्रमाण' ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक दर्शनशास्त्रातला: ज्ञानाचे साधन, पुरावा. दुसरा बाजारातला आणि प्रयोगशाळेतला: मोजमाप, किती ते. वासाच्या बाबतीत पहिल्या अर्थाकडून दुसऱ्याकडे येताना काय मिळाले, आणि कोणाच्या हातून काय सुटले, हे पाहण्यासारखे आहे.

पहिल्या अर्थाच्या राज्यात नाकाला मोठा मान होता. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त पृथ्वीची व्याख्याच गंधाने केली आहे: जिच्या ठायी गंध आहे ती पृथ्वी. पाणी, तेज, वायू ह्यांना स्वतःचा गंध नाही. वाऱ्याला येणारा वास हा त्याने वाहून आणलेल्या पार्थिव कणांचा. गंधाचे प्रकार दोनच, सुरभी आणि असुरभी. वैशेषिकांचा हा विचार आधुनिक रसायनशास्त्राचा पूर्वावतार होता असे म्हणण्याचा उत्साह आम्ही आवरतो, कारण अशा उत्साहाने दोन्ही शास्त्रांचा अपमान होतो. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. वास म्हणजे हवेचा गुण नसून हवेत मिसळलेल्या दुसऱ्या कशाचा तरी आहे, ही भूमिका त्यांनी स्पष्टपणे घेतली. आणि घ्राणाने झालेले ज्ञान हे प्रत्यक्ष प्रमाणातच मोजले. नाकाने सांगितले ते ऐकीव नव्हे.

सुगंधाच्या बाजूने तर आपल्याकडे शास्त्रच उभे राहिले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत अनेक दशके हस्तलिखितांचे अभिरक्षक असलेले परशुराम कृष्ण गोडे ह्यांनी गंगाधराचा 'गंधसार' आणि त्याच्याबरोबरचा 'गंधवाद' अभ्यासकांपुढे आणले. ह्यांतल्या 'गंधवादा'वर जुन्या मराठीत टीका आहे. उटणी, धूप, तेले कशी सिद्ध करावीत, कोणत्या द्रव्याचा वास कोणत्या द्रव्याने खुलतो वा दबतो, ह्याविषयी मराठीत लिहिण्याची गरज कोणाला तरी मध्ययुगात वाटली होती. मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आपण लीळाचरित्र आणि बखरी ह्यांच्या दरम्यान एवढे घाईने चालतो, की ही टीका वाटेत कोठे लागत नाही.

भाषेने मात्र असुरभी गंधाचीच अधिक काळजी घेतलेली दिसते. कुबट, खवट, करपट, आंबूस, ओशट, कोंदट, उग्र. दर्प, भपकारा, ठसका. सुवासासाठी दरवळ, परिमळ, घमघमाट, खमंग असे मोजके शब्द, आणि बिघाडासाठी मात्र प्रत्येक प्रकाराला वेगळा शब्द. तेल बिघडले तर खवट, तूप जळले तर करपट, कपडे दमट राहिले तर कुबट. 'घाण' ह्या शब्दाचा प्रवास तर बोलका आहे. मूळ संस्कृत 'घ्राण', म्हणजे नुसता वास किंवा नाक. मराठीत येईपर्यंत त्याचा दुर्गंध झाला, आणि पुढे कचराच. एखाद्या गोष्टीचा वास लागणे म्हणजे संशय येणे. स्वयंपाकघरातले हे शब्दभांडार एक प्रकारचे इशारायंत्रच होते: काय बिघडले आणि किती बिघडले, हे एका विशेषणात सांगणारे. थिनरसाठी मात्र त्यात शब्द नाही. 'रंगाचा वास' एवढेच आपण म्हणतो.

ह्या नाकाला कायद्यानेही एकदा जागा दिली. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम २७८ ने, शेजारपाजारच्या लोकांच्या आरोग्याला बाधक होईल अशा रीतीने हवा दूषित करणाऱ्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. तो काळ दूषित हवेमुळेच रोग होतात असे मानणारा होता; मलेरिया ह्या शब्दाचा मूळ अर्थही 'वाईट हवा' हाच. त्या काळी हवा दूषित आहे हे ठरवायला नाकाशिवाय साधन नव्हते, म्हणून कलमही नाकाच्या भरवशावरच लिहिलेले. ते पुढे दीडशेहून अधिक वर्षे टिकले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८० ने घेतली, आणि दंडाची मर्यादा एक हजार रुपये झाली. एवढ्या वर्षांत रुपयाचे काय झाले ह्याचा विचार केला, तर हवा दूषित करणे बरेच स्वस्त झाले आहे असेच म्हणावे लागेल.

येथे नाकाविषयी फार हळवे होण्याचे कारण नाही. नाक हा निष्पाप साक्षीदार नाही. दुर्गंधीच्या नावाखाली मुंबईच्या वेशीबाहेर जे व्यवसाय ढकलले गेले, त्यांत चामडे कमावणारे होते, आणि ते कोणत्या समाजाचे होते हे सांगायला नको. कोणाच्या कामाला वास येतो, कोणाच्या स्वयंपाकाला वास येतो, हे सांगणारे नाक नेहमीच वरच्या आळीतले राहिले. वासाची साक्ष सहज निवाडा बनते, आणि निवाडा द्रव्यावर न होता माणसावर होतो. मोजणारे यंत्र हवे, असे म्हणण्याचे हे एक कारण. ते आमच्या मते पुरेसे आहे. पण त्याहूनही निकडीचे कारण नाकाच्या स्वभावातच आहे.

ओल्या मातीच्या वासाचा रेणू, जिओस्मिन, हवेत दशलक्षाच्या दशलक्षाव्या भागाच्या हिशोबात मोजावा इतका थोडा असला तरी नाकाला कळतो. त्याला हे नाव १९६५ साली मिळाले. मातीतल्या सूक्ष्म जंतूंपासून तो बनतो. पृथ्वीला गंधवती म्हणणाऱ्यांचे नाक किती तीक्ष्ण होते, ह्याचा हा आधुनिक दाखला. हेच नाक बेंझीनपुढे हतबल होते. भारताच्या २००९ च्या राष्ट्रीय वायुगुणवत्ता मानकांनुसार बेंझीनची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. त्याचा वास जाणवू लागतो तोवर हवेतले प्रमाण त्याच्या हजारपटींच्या घरात गेलेले असते. नाकाची घडण जंगलात आणि शेतात झाली; रेल्वेमार्गालगतच्या ह्या नव्या द्रव्यांशी त्याची ओळख झाली ती अगदी काल.

भोपाळने ह्याची किंमत सांगितली. मिथिल आयसोसायनेट हे अतिशय बाष्पनशील द्रव्य. त्याच्या गळतीची चाहूल तेथील कामगारांना लागायची ती बहुधा डोळ्यांना पाणी येऊ लागल्यावर. शरीर हाच संवेदक होता. त्या द्रव्याची कामाच्या जागेची मर्यादा दशलक्षात ०.०२ भाग, आणि डोळे झोंबू लागतात ते दशलक्षात सुमारे २ भागांना. म्हणजे डोळ्यांनी इशारा दिला, तेव्हा मर्यादा शंभरपट मागे पडलेली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री जे झाले त्याचा इतिहास येथे सांगत नाही. त्यानंतरच्या कायद्यांपैकी एकाकडे मात्र लक्ष वेधायचे आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली दुरुस्ती झाली आणि कामाच्या जागेच्या हवेत कोणत्या द्रव्याचे किती प्रमाण चालेल ह्याची अनुसूची त्यात आली. टोल्यूईनपुढे आकडा होता दशलक्षात १०० भाग. कायद्याच्या भाषेत 'प्रमाण' ह्या शब्दाने कूस बदलली ती येथे.

त्यानंतर तीनच वर्षांनी, नोव्हेंबर १९९० मध्ये, नागोठण्याच्या प्रकल्पात (तेव्हा तो इंडियन पेट्रोकेमिकल्स ह्या सरकारी कंपनीचा होता) वायू गळून स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे गेली. पेण आणि रोहा ह्यांच्या बरोबर मधे हे गाव आहे. इथेन आणि प्रोपेन ह्या वायूंना वास जवळजवळ नसतो. घरच्या सिलिंडरला येतो तो वास वायूचा नव्हे, त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्केप्टनचा. टेक्सासमधील न्यू लंडन गावच्या शाळेत १८ मार्च १९३७ रोजी बिनवासाच्या वायूचा स्फोट होऊन सुमारे तीनशे जीव गेले, बहुतेक मुलेच. तेव्हापासून वायूला वास देण्याची सक्ती रूढ होत गेली. नाकाला कळत नाही म्हणून वायूलाच नाकाची भाषा शिकवायची, असा हा उपाय. घरगुती वापराला तो उत्तम. कारखान्यात प्रक्रियेसाठी येणाऱ्या वायूला तो लावता येत नाही. तेथे यंत्रच हवे.

आणि नाकाचा आणखी एक दोष, जो जोह्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा: ते सरावते. रंगाच्या शेडमध्ये बाहेरून आलेल्याला पहिल्या श्वासाला ठसका लागतो. दहा-पंधरा मिनिटांनी तोच वास अंधूक होतो. आत बसून सकाळपासून पितांबर रंगवणाऱ्या बाईला विचारले तर ती म्हणेल, कसला वास? ती खोटे बोलत नसते. तिची साक्ष खरी आहे आणि निरुपयोगीही आहे. प्रत्यक्ष प्रमाणाचे हे अपयश नैयायिकांना नक्कीच विचारात पाडणारे ठरले असते.

नाकाला पर्याय शोधण्याची कथा प्राण्यापासून सुरू होते. खाणीतल्या ज्वालाग्राही वायूसाठी हम्फ्री डेव्हीने १८१५ साली जाळीचा दिवा केला. दिव्याच्या ज्योतीची उंची वायूचे प्रमाण सांगे. कार्बन मोनॉक्साइडसाठी जॉन स्कॉट हॉल्डेनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिंजऱ्यातले छोटे पक्षी सुचवले. कॅनरी पक्ष्याचा श्वास जलद, म्हणून तो माणसाआधी कोसळतो. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी निवृत्त झाले ते थेट १९८६ साली, म्हणजे भोपाळनंतर. दरम्यान जपानमध्ये नाओयोशी तागुची ह्यांनी १९६२ मध्ये कथिलाच्या ऑक्साइडचा वायुसंवेदक सिद्ध केला होता, आणि १९६८ पासून तो बाजारात आला. तत्त्व सोपे आहे. तापवलेल्या कथिल ऑक्साइडच्या कणांवर हवेतला ऑक्सिजन बसतो आणि विजेला अडवतो. ज्वलनशील वाफ आली, की ती तो ऑक्सिजन खाऊन टाकते आणि वीज वाहू लागते. जेवढी वाफ, तेवढा विरोध कमी. आज घरोघरच्या वायुगळती-सूचकांत हीच युक्ती आहे. तिचे दोन दोष मात्र जन्मजात. एक, कथिल ऑक्साइड दोनशे ते चारशे अंशांपर्यंत सतत तापलेले हवे, म्हणजे वीज हवी. दोन, ते भेद करत नाही. थिनर, उदबत्ती आणि फोडणी त्याला सारखीच.

भेद करायला शिकवण्याचा प्रयत्न १९८२ मध्ये वॉरिक विद्यापीठात कृष्ण परसौद आणि जॉर्ज डॉड ह्यांनी केला. एकच अचूक संवेदक शोधण्याऐवजी अनेक अर्धवट संवेदक एकत्र ठेवायचे आणि त्यांच्या उत्तरांच्या ठेवणीवरून वास ओळखायचा. नाकही असेच चालते, हे पुढे १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल ह्यांनी ग्राहकांची जनुके शोधल्यावर स्पष्ट झाले. माणसाच्या नाकात असे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक काम करतात. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे समजायला अवघड जाऊ नये. एकेका शब्दाचा अर्थ धूसर, पण वाक्यातल्या त्यांच्या मांडणीतून अर्थ नेमका होतो, हे आपण रोज शिकवतो.

ह्या शोधात महाराष्ट्राचाही वाटा आहे, आणि तो काही अनपेक्षित जागी आहे. अमळनेर म्हटले की आपल्याला साने गुरुजी आठवतात, तत्त्वज्ञान मंदिर आठवते, फार तर २०२४ चे साहित्य संमेलन. तेथील प्रताप महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतून जाड थराच्या वायुसंवेदकांवर अनेक संशोधन निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आहेत. असा थर चढवण्याची रीत म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग. लग्नपत्रिका छापतात तीच. छत्रपती संभाजीनगर आणि सोलापूर येथील विद्यापीठांत वीजवाहक बहुवारिकांवर काम झाले. पॉलिअ‍ॅनिलीन हे त्यांतले लाडके द्रव्य, जे अ‍ॅनिलीनपासून बनते. रसायनीला एके काळी टाक्या भरभरून जे निघत होते, त्याच्याच साखळ्या प्रयोगशाळेत अमोनियाचा माग काढतात.

आता 'कारखाना' ह्या शब्दाकडे. १९४८ च्या अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे विजेवर चालणाऱ्या जागेत दहा, आणि विजेवाचून वीस कामगार असले तर तो कारखाना. नागोठणे कारखाना होताच. धाटाव होता. जोह्याची घराशेजारची शेड, जिथे नवरा फवारा मारतो, बायको रंग भरते, आणि हंगामापुरते चारपाच जण हाताखाली येतात, ती सगळ्यांच्या तोंडी कारखाना असूनही कायद्याच्या पुस्तकात कारखाना नव्हती. म्हणून टोल्यूईनपुढचा तो शंभराचा आकडा तिला लागू झाला नाही. नंतरच्या सुधारणांचा कल ही संख्या वाढवण्याकडेच राहिला आहे.

रंगाऱ्याच्या श्वासाचा प्रश्न काही आजचा नाही. इटलीच्या बर्नार्दिनो रामाझिनीने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला त्यात चित्रकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. रंगांतले शिसे आणि पारा ह्यांच्याबरोबर व्हार्निश आणि तेले ह्यांच्या वासालाही त्याने दोषी धरले. रोग्याला 'तुझा धंदा काय' हे विचारा, ही वैद्यांना दिलेली त्याची सूचना प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात डेन्मार्कमध्ये वर्षानुवर्षे द्रावकांत काम केलेल्या रंगाऱ्यांच्या स्मृतिभ्रंशाचा आणि थकव्याचा अभ्यास झाला, आणि तेथे पाण्याच्या रंगांकडे वळण्याला गती मिळाली. १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने रंगाऱ्याचा व्यवसाय हा कर्करोगकारक गटात टाकला. एखादे द्रव्य नव्हे, व्यवसायच. इमारती रंगवणारे आणि मूर्ती रंगवणारे ह्यांचे काम एक नाही, हे मान्य. पण डब्यातले द्रव्य बरेचदा एकच असते.

आणि तरीही, गणेशमूर्तीविषयीची गेल्या दीड दशकातली आपली सार्वजनिक चर्चा पाहावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनाविषयी २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२० मध्ये त्या कडक केल्या, प्लास्टरवर बंदी आणली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती घडवण्यास मोकळीक दिली आणि प्रश्न नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनापुरता ठेवला. ह्या साऱ्यात प्लास्टर विरघळते की नाही, मासे मरतात का, तळ्यात शिसे किती, हेच विचारले गेले. २०२० च्या सूचनांत विषारी व तैलरंगांना नकार आहे, पण तोही पाण्याच्या काळजीपोटी. मूर्ती पाण्यात जाते तो तिचा शेवटचा दिवस. त्याआधी ती काही आठवडे एका बंद शेडमध्ये, एका माणसाच्या नाकापासून हातभर अंतरावर, वाळत असते. त्या हवेकडे पर्यावरणाचा विषय म्हणून कोणी फारसे वळून पाहिले नाही. भक्त आणि नदी ह्यांच्यामध्ये कारागीर उभा आहे, हे आपण विसरलो. आमच्या मते ह्या वादातली सर्वांत मोठी उणीव हीच.

अलीकडे संशोधक ज्यांना 'शाश्वत' संवेदक म्हणतात त्यांचा संबंध येथे येतो. शब्द फसवा आहे. शाश्वत म्हणजे आपल्याकडे न संपणारे. ह्या संवेदकाची थोरवी तर तो संपतो ह्यात आहे. पार्थिव मूर्तीसारखे त्याने आपले काम करावे आणि मातीत जावे. कागद, नारळाच्या करवंटीचा कोळसा, कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारे कायटोसान अशा द्रव्यांचा तो असतो, आणि त्याला चारशे अंशांची शेगडी लागत नाही. २००० साली इलिनॉय विद्यापीठात केनेथ सस्लिक ह्यांनी रंगठिपक्यांचा पट केला: वाफ लागली की ठिपके रंग बदलतात आणि त्यांच्या नक्षीवरून द्रव्य ओळखता येते. २०१२ मध्ये एमआयटीतल्या कॅथरीन मिरिका आणि टिमोथी स्वेगर ह्यांनी कार्बनच्या नलिकांची पेन्सिल बनवून कागदावर नुसत्या रेघा ओढल्या. त्या रेघा अमोनिया ओळखू लागल्या. वास डोळ्यांना दाखवायचा, आणि तोही आखणी करून. जोह्यात ह्या कल्पनेचे कौतुक व्हायला हरकत नाही.

मोह असा होतो की जास्वंदीच्या अर्कात कागद बुडवावा आणि गणपतीच्या फुलानेच गणपतीच्या कारखान्याची हवा तपासावी. जास्वंदीतले लाल द्रव्य आम्लात आणि अल्कलीत रंग बदलते, हे शाळेत करून पाहिलेले असते. अमोनियासाठी, म्हणजे रबराच्या चिकाच्या दर्पासाठी, असा कागद चालेलही. टोल्यूईन मात्र आम्ल नाही आणि अल्कलीही नाही. जास्वंद त्याला ओळखणार नाही. निसर्गातले ते सारे उपयोगी, ही आपली आवडती समजूत येथे थांबते. टोल्यूईनला धरणारी कार्बनची किंवा सच्छिद्र स्फटिकांची द्रव्ये लागतात.

त्याहून मोठी अडचण हवामानाची. रंगकामाचा भर आषाढ-श्रावणात, आणि खारेपाटात तेव्हा हवाच पाण्याने जड असते. कागद पाणी पितो, फुगतो, त्याचा विरोध बदलतो; कायटोसानही तसेच. कथिल ऑक्साइडवरही पाण्याची वाफ जाऊन बसते. कोरड्या प्रयोगशाळेत नेमका बोलणारा संवेदक जोह्यात पावसालाच थिनर समजण्याचा संभव आहे. म्हणून आर्द्रतेचा वेगळा संवेदक शेजारी ठेवून वजावट करणे, किंवा पाण्याला न शिवणारा थर वर चढवणे, ह्यांवर ह्या क्षेत्रात बरेच काम चालते. ह्या संवेदकाची परीक्षा घ्यायची तर ती श्रावणातल्या रात्री, शेडची ताडपत्री पावसासाठी खाली ओढलेली असताना घ्यायला हवी. हवा खेळती ठेवा हा उपदेश नेमका तेव्हाच पाळता येत नाही. दारे उघडली तर ओला रंग आणि पावसाचा शिंतोडा ह्यांची गाठ पडते.

खरे तर मोजण्याची एक जुनी, सर्वमान्य रीत उपलब्ध आहेच. बोटाएवढी काचेची नळी, तिच्यात नारळाच्या करवंटीचा कोळसा, आणि कमरेला लावायचा छोटा पंप. कारागिराने ती दिवसभर छातीशी अडकवायची; तो जी हवा घेतो तीच नळी घेते, आणि कोळसा द्रव्ये धरून ठेवतो. संध्याकाळी नळीची दोन्ही तोंडे बंद करून ती प्रयोगशाळेत पाठवायची. तेथे कोळशातून द्रव्ये सोडवून एकेकाचे प्रमाण काढतात: टोल्यूईन किती, झायलीन किती, बेंझीन आहे का. नव्या कागदी संवेदकाचा आकडा खरा की खोटा, हेही ह्या नळीशी ताडूनच ठरते. पंप भाड्याने आणायचा, नमुना थंड ठेवून शहरात न्यायचा, तपासणीचे पैसे भरायचे, आणि मग अहवालाची वाट पाहायची. ऐन हंगामातला नमुना असला, तर अहवाल हाती येईपर्यंत त्या शेडमधल्या मूर्तींचे विसर्जन झालेले असते.